आरशासमोरचा चाकू

बदलापूरच्या एका शाळेत बालवाडीतल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये उघड झाले आणि २० तारखेला संतापलेले लोक रुळांवर उतरले. अशा घटनेनंतर स्वसंरक्षणाच्या वर्गांची चर्चा हमखास सुरू होते. एवढ्या लहान मुलींना कोणताही डाव वाचवू शकत नाही. तिथे जबाबदारी शाळेची, पालिकेची आणि पोलिसांचीच. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या मोठ्या मुलींना आणि नोकरदार बायकांना काही शिकावेसे वाटत असेल तर त्यात गैर काय? अडचण वेळेची आहे. संध्याकाळची लोकल पकडून घरी पोहोचेपर्यंत क्लास सुटलेला असतो. मग उरतो तो मोबाइलवरचा व्हिडिओ, खोलीतला आरसा आणि हातात एखादी वस्तू. चाकूच्या हल्ल्यापासून बचाव शिकवणारे व्हिडिओही त्यात आलेच.

एकट्याने केलेला सराव निरुपयोगी मुळीच नाही. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात आधी पवित्रे घोटून घेतले जातात. पाय कुठे पडतो, वजन कोणत्या टाचेवर जाते, वळताना तोल राहतो का, हे हत्याराच्या आधी शिकायचे असते. कट्यार, बिचवा यांसारखी धारदार शस्त्रे त्यानंतर. फरी-गदगा हा प्रकारही याच शहाणपणातला: लहान ढाल आणि बोथट सोटा, म्हणजे चूक झाली तरी रक्त नाही. फिलिपिन्समधल्या आर्निस या युद्धकलेत, जिला तिथे २००९ च्या कायद्याने राष्ट्रीय खेळाचा दर्जा मिळाला, वारांच्या दिशांना क्रमांक देऊन लाकडी हत्याराने एकट्याने सराव करतात. शरीराला वाट पाठ व्हावी, हा हेतू दोन्हीकडे एकच.

मात्र पाठ होते ती वाटच. क्रीडाविज्ञानात कौशल्याचे दोन प्रकार मानतात. परिस्थिती स्थिर असते तेव्हाचे ‘बंद’ कौशल्य आणि समोरचे क्षणोक्षणी बदलते तेव्हाचे ‘खुले’. आरशासमोर डाव करणे पहिल्या प्रकारात मोडते. अंगावर येणारा माणूस दुसऱ्या. दिवा लागताच बटण दाबायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. पर्याय वाढले की हा वेळ वाढतो, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये दाखवले. म्हणून वीस डाव अर्धेमुर्धे माहीत असण्यापेक्षा दोन-तीनच पक्के असणे बरे. व्हिडिओ मात्र रोज नवा डाव दाखवतो, कारण त्याला प्रेक्षक हवा असतो.

शिआ आणि मॉर्गन या अमेरिकी संशोधकांचा १९७९ चा प्रयोग इथे कामाला येतो. हाताने ठरावीक क्रमाने लाकडी अडथळे पाडण्याचे तीन प्रकार त्यांनी दोन गटांना शिकवले. एका गटाने एकेक प्रकार घोटून संपवला, दुसऱ्याने तिन्हींची सरमिसळ केली. सरावाच्या वेळी पहिला गट सरस दिसला. दहा दिवसांनी घेतलेल्या चाचणीत दुसरा पुढे होता. घरात याचा अर्थ सोपा आहे. भावाने किंवा मैत्रिणीने मध्येच ‘डावीकडे’, ‘मागे’, ‘पळ’ असे कसेही ओरडावे आणि त्यावर पाय हलावेत. यात हात चुकतो, मन खट्टू होते. तरी हाच सराव जास्त टिकतो.

हातात काय धरायचे, याचे उत्तर एकच: धार नसलेले. गुंडाळून चिकटपट्टी लावलेले वर्तमानपत्र पुरते. स्वयंपाकघरातली सुरी वेगाने फिरवली की घामाने मूठ सरकते आणि पहिला वार स्वतःच्या दुसऱ्या हातावर किंवा मांडीवर बसतो. बोटांच्या शिरा-दोऱ्या कापल्या गेल्या तर त्या जोडायला शस्त्रक्रिया आणि मग कित्येक आठवडे व्यायाम. मूठ आवळून झटके देत राहिले तरी कोपराच्या बाहेरच्या बाजूचे स्नायूबंध दुखावतात. उल्हासनगरात दिवसभर शिलाई मशीनवर बसणारीचे किंवा अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंग करणारीचे मनगट आधीच थकलेले असते. तिने आधी पाच मिनिटे खांदे-मनगटे सैल करावीत, दहा मिनिटे संथ सराव करावा. दुखू लागले की थांबावे; ‘सहन केले की ताकद येते’ हे स्नायूबंधांना लागू नाही.

आणि खरा चाकू पर्समध्ये? दिल्लीतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत शिवसेनेने महिलांना चाकू वाटले होते. संताप समजण्यासारखा होता, उपाय नव्हता. झटापटीत चाकू ज्याच्या अंगात जोर अधिक त्याच्या हाती जातो. शिवाय राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. त्याच्यासमोर पर्सची चेन उघडायची कधी, हा प्रश्न कोणताही व्हिडिओ सोडवत नाही. कॅनडातल्या विद्यापीठांत शार्लिन सेन यांनी तपासलेला बारा तासांचा कार्यक्रम २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरातल्या बलात्कारांचे प्रमाण नुसती माहितीपत्रके मिळालेल्या गटात ९.८ टक्के, तर प्रशिक्षित गटात ५.२ टक्के आढळले. तो हत्यार चालवण्याचा वर्ग नव्हता. ओळखीच्या माणसाकडून होणारा धोका लवकर ओळखणे, संकोच सोडून नकार देणे, आरडाओरड आणि प्रतिकार हे सगळे त्यात माणसांसमोर, बोलून-करून घोटून घेतले होते.

सरकारी शाळांतल्या मुलींसाठी समग्र शिक्षा अभियानात राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे. त्याच धर्तीवर रविवारी पालिकेच्या शाळांची मैदाने नोकरदार बायकांसाठी उघडली तर घरच्या सरावाला आठवड्यातून एकदा समोरचा माणूस मिळेल. तोवर एकटीच्या सरावात दोन गोष्टी घालता येतात, त्या व्हिडिओंत क्वचितच दिसतात. एक, मागे सरत दाराकडे जाणे आणि फोनवर ११२ लावणे, तेही न बघता. दुसरी, वार झालाच तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरणे, रक्त थांबले का हे बघायला ते सारखे न उचलणे आणि १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत हात न काढणे.