कांचकाम आणि वातायन

वातायन हा शब्द आम्हीं तीस वर्षें वर्गांत शिकविला. वात म्हणजे वारा, अयन म्हणजे मार्ग. वाऱ्याचा मार्ग तें वातायन, अर्थात् खिडकी. समासाची फोड फळ्यावर लिहावी आणि पुढील शब्दाकडे वळावें, असा आमचा क्रम असे. खिडकी म्हणजे भिंतींतलें नुसतें भोक नव्हे, ती वाट आहे, आणि वाटेला दोन टोकें असावीं लागतात, हें मात्र आमच्या ध्यानांत आलें तें यंदा. तेंही घरांतील माणसांच्या प्रकृतीवर बेतल्यानंतर.

आमच्या धाकट्या सूनबाईंना कांचेचे मणी करण्याचा नाद आहे. टेबलावर बसविलेल्या लहानशा ज्योतीवर कांचेची कांडी वितळवावयाची, ती पोलादी सळईवर गुंडाळावयाची आणि फिरवीत फिरवीत मणी घडवावयाचा, अशी ही कला. इटलींतील मुरानो बेट व आपल्याकडील उत्तर प्रदेशांतलें पुरदिलनगर हीं ठिकाणें कांचेच्या मण्यांसाठीं प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रालाही कांच परकी नाहीं. तळेगांवचा पैसा फंडाचा कारखाना १९०८ सालीं निघाला, ओगलेवाडीचा १९१६ सालीं. परंतु कारखान्याला उंच छप्पर असतें, धुराडें असतें. सूनबाईंचा कारखाना दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा मागल्या खोलींत होता.

दोन महिन्यांनीं संध्याकाळीं त्यांचें डोकें जड होऊं लागलें. सकाळपर्यंत तें उतरे, म्हणून त्यांनीं कोणास सांगितलें नाहीं; सांगितलें असतें तर काम बंद पडलें असतें. शेजारच्या खोलींत निजणाऱ्या आमच्या मातोश्रींना खोकल्याची उबळ येऊं लागली, तेव्हां गोष्ट उघडकीस आली. आम्हीं वडिलकीच्या अधिकारानें सांगितलें, "खिडकी सताड उघडा आणि वरचा पंखा लावा." दुसऱ्या दिवशीं तिखट वास माजघरापर्यंत पोंचला. आमचे बंधु म्हणाले, "हा उद्योग घरांत नको." आम्हींही मान डोलाविली. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं कांड्या कागदांत गुंडाळून ठेविल्या.

बोलल्या त्या मातोश्री. "माझ्या चुलीचा धूर तुम्हां सगळ्यांना दिसत होता. चूल बंद करा असें कोणी म्हणालें नाहीं, आणि धुराडें करूं असेंही कोणी म्हणालें नाहीं. आतां निदान दुसरें तरी म्हणा." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तिचे डोळे धुरानें वाहत असतां त्याच चुलीजवळ बसून आम्ही शब्दरूपें पाठ करीत होतों.

तेव्हां प्रथम शत्रू कोण तें पाहूं. या ज्योतींत स्वयंपाकाचाच गॅस जळतो, परंतु त्याला ऑक्सिजनची जोड असल्यामुळें तिचें तापमान २,५०० अंश सेल्सियसच्या वर जातें. इतक्या उष्णतेनें हवेंतील नायट्रोजनचा ऑक्सिजनशीं संयोग होऊन जे वायु निर्माण होतात ते फुप्फुसांस इजा करितात, आणि तिचा परिणाम कधीं कधीं कांहीं तासांनीं दिसतो. ज्योतीला ऑक्सिजन अपुरा पडला कीं कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाहीं व वासही नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट धरितो. शिवाय रंगीत कांचेंत कॅडमियम, शिसें असे धातु असूं शकतात. म्हणून "वास येत नाहीं, मग भीति कसली?" हा युक्तिवाद येथें चालत नाहीं.

उपाय समजण्यासाठीं जुना कंदील आठवावा. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्यांनीं पुसला आहे त्यांस ठाऊक आहे कीं, त्यांत खालून हवा आंत येते आणि वरून धूर बाहेर जातो. दोहोंपैकीं एक वाट बुजली कीं ज्योत काजळी धरते. आमच्या खोलीला अशी नेमकी वाटच नव्हती. एकाच खिडकींतून वारा कधीं आंत येई, कधीं बाहेर जाई. आणि वरच्या पंख्यानें विषारी हवा बाहेर न घालवितां ढवळून घरभर वांटली. आमचा सल्ला तो हाच!

मग आम्हीं टेबल खिडकीशीं नेलें. त्यावर जस्ती पत्र्याची पेटी बसविली. दोन्ही बाजूंस व वर पत्रा, पाठ खिडकीला भिडलेली, पुढचें तोंड तेवढें उघडें. पाठीच्या वरच्या अंगाला, खिडकींतच, हवा बाहेर फेंकणारा लोखंडी पात्यांचा पंखा लावला. ज्योत पेटीच्या आंत, परंतु पंख्यापासून दोन फूट दूर. नळ नाहीं कीं वळण नाहीं. पंखा व पत्रेवाल्याची मजुरी मिळून चार-पांच हजार रुपयांत काम भागलें.

पेटी कशासाठीं, असें कोणी विचारील. फुंकर हातभर दूर जाते, पण तोंडानें हवा आंत ओढली तर वीतभर अंतरावरची मेणबत्तीही हालत नाहीं. शोषणाऱ्या पंख्याचें तसेंच आहे. त्याच्या तोंडाचा जेवढा व्यास, तेवढ्या अंतरावर ओढ सुमारें एक दशांशच उरते. म्हणून धूर जेथें उपजतो तेथेंच त्याला घेरलें पाहिजे.

आतां थोडें गणित. आमच्या पेटीचें तोंड दोन फूट रुंद व दीड फूट उंच, म्हणजे ३ चौरस फुटांचें. त्यांतून हवा मिनिटाला सुमारें १०० फूट वेगानें आंत जावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे मिनिटाला ३०० घनफूट, अथवा तासाला सुमारें ५१० घनमीटर हवा झाली. पंख्यावर छापलेला आंकडा मोकळ्या हवेंतला असतो. जाळी व झडप यांमुळें तो घटतो. यास्तव दुप्पट आंकड्याचा पंखा घेणें बरें.

आमची खोली १,००० घनफुटांची; म्हणजे साडेतीन मिनिटांच्या आंतच खोलीभर हवा बाहेर जाणार. तितकीच आंत आली नाहीं तर पंखा नुसता फिरतो. किंवा न्हाणीघरांतील गॅसच्या बंबाचा धूर उलटा घरांत ओढतो, आणि तो प्रकार प्राणावर बेततो. म्हणून काम करणाराच्या पाठीमागचें दार चार इंच उघडें ठेवावें. सात फूट उंच दाराची एवढी फट दोन चौरस फुटांहून अधिक होते. हवा पाठीकडून यावी, नाकावरून ज्योतीकडे जावी आणि तशीच बाहेर पडावी.

ज्यांना खिडकीशीं बसतां येत नाहीं त्यांनीं आठ इंची गुळगुळीत पत्र्याचा नळ घ्यावा, वळणें थोडीं ठेवावीं, आणि नळाच्या बाहेरच्या टोकाशीं ब्लोअर बसवावा. साध्या पंख्याला लांब नळांतून हवा रेटवत नाहीं. प्लायवुडची पेटी व प्लास्टिकचा नळ आगीपुढें नकोत. स्वयंपाकघरांतली बिननळाची चिमणी हवा कोळशांतून गाळून पुन्हा खोलींतच सोडते. कार्बन मोनॉक्साइड तींतून जसाच्या तसा परत येतो. बाहेर सोडलेली हवा शेजाऱ्याच्या खिडकींत जाऊं नये. पावसाळ्यांत पश्चिमेचा वारा समोरून थडकतो, तेव्हां शक्य तर दुसरी बाजू निवडावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षां जड असल्यामुळें गळला तर जमिनीलगत सांचतो, पेटी त्याला ओढीत नाहीं. म्हणून टाकी मोकळ्या सज्जांत असावी व काम संपतांच तिची चावी बंद करावी. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारें लहान यंत्र मिळतें, तेंही खोलींत ठेवावें. मात्र तें पंख्याऐवजीं नव्हे.

सर्व झाल्यावर परीक्षा. ज्योत न पेटवितां तिच्या जागीं उदबत्ती धरिली. "मामंजी, धूर माझ्याच तोंडाकडे येतो आहे," सूनबाई म्हणाल्या. पाहतों तों वरचा पंखा आम्हींच संवयीनें लावलेला! तो बंद करितांच धुराची रेघ वाकली आणि सरळ पेटींत शिरली. मातोश्री खुर्ची आणवून हें सर्व पाहत बसल्या होत्या. त्यांनीं उदबत्ती स्वतःच्या हातीं घेतली आणि पेटीच्या तोंडाशीं चारी कोपऱ्यांत फिरवून पाहिली.

सूनबाईंचें डोकें आतां दुखत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असें ज्योतीचें काम चालत असेल, तर त्यांनीं आजच उदबत्ती लावून धूर कोठें जातो तें पहावें. तो नाकाकडे येत असेल, तर वाट होईतों ज्योत पेटवूं नये.