मासा एक, खाती दोन

एकाच आईची, एकाच वेळी अंड्यातून बाहेर आलेली दोन पिल्लं. एक नदी सोडून थेट पॅसिफिक महासागर गाठतं, तिथे खाऊन-पिऊन चांगलं धिप्पाड होतं आणि काही वर्षांनी वीण करायला पुन्हा आपल्याच नदीत येतं. दुसरं आयुष्यभर नदीतच राहतं. पहिल्याला लोक म्हणतात स्टीलहेड, दुसऱ्याला रेनबो ट्राउट. दोघे शेजारी ठेवले तर वेगळे मासे वाटावेत. पण प्रजाती एकच, ऑन्कोरिंकस मायकिस.

कोण जाणार आणि कोण राहणार, हे ठरतं कसं? थोडं जीन्सवर, थोडं परिस्थितीवर. पाणी किती थंड, खाणं किती, पिल्लू किती झपाट्याने वाढतंय, या सगळ्याचा त्यात वाटा असतो. माद्या जास्त प्रमाणात समुद्रात जातात, कारण अंग मोठं तर अंडी जास्त. नराचं छोट्या अंगावरही भागतं. नदीत राहिलेला नर समुद्रातून आलेल्या मादीशी जोडी जमवतो. रेनबो जोडप्याच्या पोटी स्टीलहेड निपजू शकतो आणि उलटही होऊ शकतं. म्हणजे ही दोन घराणी नाहीतच, एकाच घरातली दोन करिअर्स आहेत!

अमेरिकेच्या सरकारी फाइलमध्ये मात्र हे घर फुटलं. समुद्रात जाणारा मासा एका खात्याकडे, नदीत राहणारा दुसऱ्याकडे. २००६ पासून संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याचं संरक्षण आहे ते फक्त स्टीलहेडला. त्याच पाण्यातला त्याचा सख्खा भाऊ यादीबाहेर.

मला हे पटत नाही. का, ते वॉशिंग्टन राज्यातल्या एल्वा नदीने दाखवून दिलंय. १९१३ मध्ये तिच्यावर पहिलं धरण झालं, मग आणखी एक. माशांना वर चढायला वाटच ठेवली नव्हती. समुद्रातून येणारे खालीच अडले, वर उरले फक्त रेनबो. जवळजवळ शंभर वर्षं! २०११ ते २०१४ या काळात दोन्ही धरणं पाडली आणि स्टीलहेड पुन्हा वरच्या पाण्यात पोहोचले. जवळपास नाहीसे झालेले, उन्हाळ्यात परतणारे स्टीलहेडही दिसू लागले. जीन्स तपासले तेव्हा कळलं, त्यांचं नातं धरणामागे अडकलेल्या रेनबोंशीही जुळतंय. ज्यांना आपण ‘राहिलेले’ समजत होतो, त्यांनी समुद्राची वाट जपून ठेवली होती.

यावर कुणी म्हणेल, मग रेनबो आहेतच की, स्टीलहेड संपले तरी काय बिघडलं? बिघडतं. धरणावरून खाली गेलेला मासा परत येऊ शकत नाही. त्यामुळे ‘जाणाऱ्यांचे’ जीन्स वरच्या पाण्यात पिढ्यानपिढ्या कमी होत जातात. ही ठेव कायमची नाही. म्हणूनच राहणाऱ्यालाही कायद्याचं संरक्षण हवं आणि जाणाऱ्याला परतीची वाट. एक देऊन दुसरं टाळता येणार नाही.

आपल्या ग्रुपमधली एखादी मास्टर्सला जर्मनीला जाते, एखादा गावातच दुकान सांभाळतो. नातेवाइकांच्या गप्पांत कौतुक कुणाचं होतं, हे वेगळं सांगायला नको. जाणारा तो हुशार, राहिलेला तो मागे पडलेला! माणसं अर्थात मासे नाहीत, आपले निर्णय आपण घेतो. पण जाणारा दिसतो आणि राहणारा नजरेतून सुटतो, ही सवय तीच. घरात त्याने मन दुखावतं, नदीत मात्र अख्खी प्रजाती पणाला लागते. म्हणून पुढच्या वेळी एखादा प्राणी वाचवायची मोहीम तुमच्या फीडवर आली, की लाइक करण्याआधी एवढंच बघा, त्याची घरी राहिलेली भावंडं त्या यादीत आहेत का?