धूर म्हणजे ताकद नव्हे

मंडळी, आज जरा तावातावानं लिहितोय. नातेवाईकांनी रागावू नये, रागावलंच तर घरी येऊन भांडावं, चहा मिळेल.

आमच्या भागात एक समज घट्ट बसलाय. इंजिननं काळा धूर ओकला की ते ‘ताकदीचं’. पोरं पंपाचं डिझेल वाढवतात, हायवेवर पळवतात आणि मागच्याचं तोंड काळं करून खूश होतात. ही ताकद नाही हो, हे न जळलेलं डिझेल आहे! डिझेल जळायला हवा लागते आणि ती कोंबण्याचं काम टर्बोचं. हवा न वाढवता नुसतं डिझेल वाढवलं की उष्णता चढते, हेडचं पॅकिंग उडतं, पिस्टनचं डोकं वितळतं. मग रात्रभर मिस्त्रीच्या दारात बसा.

खरी विद्या बघायची तर एका ओळीतल्या सहा सिलिंडरचं इंजिन उघडून बघा. जुन्या टाटा ट्रकमधलं ६९७ याच जातीचं. पुढचे तीन आणि मागचे तीन पिस्टन आरशात बघितल्यासारखे चालतात, एकमेकांचे धक्के खाऊन टाकतात. जळण्याचा क्रम १-५-३-६-२-४, म्हणजे एक पुढच्या तिघांतला, एक मागच्या तिघांतला. दोन्ही गटांचा एक्झॉस्ट वेगवेगळ्या वाटेनं टर्बोपर्यंत नेला की एकाचा झोत दुसऱ्याला आडवा येत नाही. निस्साननं २.६ लिटरच्या अशाच इंजिनावर जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत १९९० ते १९९३ मध्ये २९ पैकी २९ शर्यती मारल्या. धूर सोडून नाही, मापं सांभाळून.

आता दुसरी बाजू. वडीलधारे म्हणतात, “शर्यत म्हणजे रिकामटेकडे धंदे.” हे कुंडलमध्ये बसून म्हणायचं? लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली औंधच्या राजांनी शेजारच्या माळावर जागा दिली, तेव्हा तिथं निवडुंग आणि साप होते. स्टेशनचं नाव तेव्हा कुंडल रोड होतं, आज किर्लोस्करवाडी आहे. त्या माळावर लोखंड ओतणाऱ्यांना शहाणे लोक काय म्हणाले असतील, याचा अंदाज करा!

आणि आपण शर्यतीच्या विरोधात आहोत असंही नाही. बैलगाडा शर्यतीसाठी महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायदा बदलला, सुप्रीम कोर्टात झगडलो, मे २०२३ मध्ये तो टिकला. नियम आले, अंतर ठरलं. बैलासाठी एवढं केलं, मग इंजिनासाठी का नाही? मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक ठिकाणच्या शर्यतीला मनाई करतं, पण राज्य सरकारची लेखी संमती असेल तर नाही. दार उघडं आहे, ढकलणारा कुणी नाही. २०१४ साली ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर टाटाचे सहा सिलिंडरी टर्बो ट्रक धावले. चालवणारे पहिल्यांदा परदेशी होते, २०१६ पासून आपले ट्रकचालक तयार होऊन उतरले. म्हणजे जमतं.

कुंडलला कुस्ती समजावून सांगायला नको. मैदान आहे, पंच आहेत, वजन बघून जोड लावतात, म्हणून ती कुस्ती. हे काढून घ्या, तीच दोन पोरं रस्त्यावर मारामारी करतील. इंजिनाचं नेमकं तेच झालंय. पोरांच्या हातात विद्या आहे, लेथ आहे, बोअरिंगवाला ओळखीचा आहे. नाही ते फक्त मैदान. म्हणून ती विद्या हायवेवर नासते आणि कधीतरी एखाद्या निरपराध सायकलवाल्याच्या जिवावर उठते.

माझं मागणं सोपं आहे. गावांपासून लांब, बंदिस्त, सरळ धावपट्टी. आधी तपासणी, धूर दिसला तर बाद. क्षमतेप्रमाणे गट. दारात अ‍ॅम्ब्युलन्स. आणि त्यानंतरही जो रस्त्यावर पळवेल त्याची गाडी जप्त, मग तो माझा भाचा का असेना.

बाकी, ज्यांना हे पटत नसेल त्यांनी पर्याय सांगावा. “पोरं वाया गेली” हा पर्याय नाही.