किनाऱ्याचे कान : खांदेरीपासून एआयएसपर्यंत

१/ ३१ जुलै २०११. मुंबईत जुहूच्या वाळूत ‘पवित’ हे तेलवाहू जहाज येऊन रुतले. त्यावर एकही माणूस नव्हता. महिनाभरापूर्वी ओमानजवळ खलाशांनी ते सोडले होते. ते बुडाले असावे, असेच गृहीत धरले गेले होते. २६/११ला तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती.

२/ किनाऱ्याला समुद्रातले किती कळते, हा प्रश्न मात्र जुना आहे. १६७९मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी सुरू करताच मुंबईच्या इंग्रजांनी ती रोखण्यासाठी नौका धाडल्या. एका ओसाड बेटासाठी एवढा संघर्ष का? मुंबई बंदराच्या तोंडावर तेथून नजर ठेवता येत होती म्हणून. १८६७मध्ये तेथेच दीपगृह उभे राहिले.

३/ आज नजरेच्या जोडीला कान आले आहेत. एआयएस यंत्रणा असलेले जहाज आपली ओळख, स्थान, वेग व दिशा रेडिओलहरींवरून सतत सांगत असते. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरील जहाजांना ती बंधनकारक आहे.

४/ या लहरी साधारण क्षितिजापर्यंतच पोहोचतात. किनाऱ्यावरील अँटेना २५ मीटर व जहाजावरील १६ मीटर उंच असेल, तर पल्ला सुमारे ३७ किलोमीटर. किनाऱ्यावरची उंची १०० मीटर केली, तर सुमारे ५८. दुर्ग बांधणाऱ्यांना उंचीचे हे मोल ठाऊक होते.

५/ मग उपग्रहच का नकोत? खोल समुद्रात ते हवेतच. परंतु उपग्रहाला एकाच वेळी हजारो जहाजे ऐकू येतात आणि गजबजलेल्या पाण्यात त्यांचे संदेश एकमेकांवर आदळतात. किनाऱ्यावरच्या ग्राहकयंत्राला मोजकीच जहाजे ऐकू येतात; पण स्पष्ट.

६/ २६/११नंतर भारताने ७४ दीपगृहांवर एआयएस केंद्रे उभारली. पाऊल योग्यच होते. तरीही माझे मत असे की, हे जाळे आणखी दाट व्हावे. डोंगरांच्या आडोशामुळे कोठे ऐकू येत नाही, ते आधी मोजावे. तेथील उंच जागी छोटी ग्राहकयंत्रे बसवावीत. रीतसर परवानगीने कोकणातील महाविद्यालयांनाही त्यात सामावून घ्यावे.

७/ यावर एक आक्षेप रास्त आहे : जो बोलतच नाही, त्याला कान कसा पकडणार? यंत्रे बंद पडलेले ‘पवित’ मुके होते. २००८मध्ये अतिरेक्यांनी बळकावलेली ‘कुबेर’ ही तर साधी मासेमारी नौका होती.

८/ पण माझ्या मते दाट जाळ्याची खरी गरज येथेच आहे. ऐकण्यात खंड असेल, तर शांततेला अर्थ नसतो. जहाज गप्प आहे की आपणच बहिरे, हे कळत नाही. सर्वत्र नीट ऐकू येत असेल, तर रडारवर दिसणारा, पण न बोलणारा प्रत्येक ठिपका चौकशीस पात्र ठरतो.

९/ त्या चौकशीला शेवटी माणूसच लागतो. २६/११च्या रात्री कुलाब्याच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या अनोळखी तरुणांना प्रथम हटकले ते कोळीवाड्यातील लोकांनी. त्यांचे म्हणणे वेळीच ऐकणारी व्यवस्था नसेल, तर कितीही अँटेना उभारल्या तरी किनारा बहिराच राहील.