भीमेच्या हिरव्या पाण्यातले विष कोण मोजणार?

कोकण किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकल्या की वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकतात. हा उजेड नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाचा. तो स्वतः विष तयार करतो असे मानले जात नाही, पण त्याचा बहर माजला की पाण्यातला प्राणवायू घटतो, अमोनिया वाढतो आणि मासे मरतात. त्याच्या काही भाऊबंदांचे विष मात्र थेट माणसापर्यंत पोहोचते. १९९७ मध्ये केरळमधील विझिंजम येथे असे विष साठलेले शिंपले खाऊन सात जण दगावले. म्हणूनच गोव्यातील दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था अशा बहरांचा अभ्यास करते आणि हैदराबादचे इन्कॉइस हे सागरी माहिती केंद्र उपग्रहांच्या मदतीने त्यांची माहिती पुरवते. हे झालेच पाहिजे. पण भीमाकाठी दौंड, इंदापूर, करमाळ्याच्या पट्ट्यात उन्हाळ्यात साचणाऱ्या हिरव्या तवंगाकडे लक्ष द्यायला कोणाला वेळ आहे?

या तवंगाचे कारण पुणे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी पवना, मुळा-मुठा आणि इंद्रायणीतून भीमेत उतरते आणि तेथून उजनी धरणात जाते. त्यातले नत्र आणि स्फुरद म्हणजे शैवालांचे खतच. उसाच्या शेतांतून वाहून येणाऱ्या खतांची त्यात भर पडते. उन्हाळ्यात बंधाऱ्यांना ढापे घातलेले असतात, पाणी हलत नाही आणि तापते. उजनीच्या सुमारे ११७ टीएमसी साठ्यापैकी ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा आहे. धरण ‘मायनस’मध्ये, म्हणजे मृतसाठ्यात, गेले की उरलेल्या पाण्यात घाण आणखी दाट होते.

अशा पाण्यात फोफावणारे नील-हरित शैवाल खरे तर एक प्रकारचे जीवाणू आहेत. त्यांतल्या मायक्रोसिस्टिसच्या पेशींत वायूचे सूक्ष्म कप्पे असतात. त्यामुळे त्या वर तरंगतात आणि वारा त्यांना एका काठाला ढकलतो. हिरवा ऑइलपेंट ओतल्यासारखा तो थर नेमका जनावरे पाणी पितात तिथेच साचतो. पारदर्शक बाटलीत हे पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवले की सकाळी ओळख पटते. साधे शेवाळ बहुधा तळाशी बसते, हे मात्र वर येऊन कडेने हिरवे कडे धरते.

या शैवालातले मायक्रोसिस्टिन हे विष यकृतावर घाला घालते. पाणी उकळल्याने ते नष्ट होत नाही, उलट पेशी फुटून विष पाण्यात मोकळे होते. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील टोलेडो शहरात सुमारे पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असे सांगावे लागले. १९९६ मध्ये ब्राझीलमधील कारुआरू येथे डायलिसिसच्या पाण्यात हे विष गेले आणि पन्नासच्या आसपास रुग्ण मरण पावले. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिनची दीर्घकालीन मर्यादा एका लिटरला एक मायक्रोग्रॅम ठरवली आहे. आपल्याकडील पिण्याच्या पाण्याचे मानक, आयएस १०५००, पाण्यात शैवाल आणि विष तयार करणारे जीव शक्यतो नसावेत एवढेच म्हणते. किती विष चालेल, याचा आकडा त्यात नाही. नद्यांच्या नेहमीच्या तपासणीत बीओडी (प्राणवायूची जैविक मागणी), विरघळलेला प्राणवायू आणि कोलिफॉर्म पाहतात. मायक्रोसिस्टिनचा रकानाच नाही. जे मोजलेच जात नाही ते सुरक्षित आहे, असे कोणत्या आधारावर म्हणायचे? उजनीचे पाणी सोलापूरसारखे शहर पिते, हा प्रश्न एकट्या काठच्या गावांचा नाही.

जलपर्णीच्या बाबतीतही मूळ रोगाला हात लागत नाही. ती दिसते म्हणून तिच्यावर यंत्रे चालतात, पैसा खर्च होतो, आणि काठावर टाकलेले ढीग कुजून त्यांतले नत्र-स्फुरद पुन्हा नदीत जाते. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या मदतीची ९९० कोटींची योजना २०१६ मध्ये आली. ११ केंद्रांतून दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करायचे ठरले. केंद्रांच्या बांधकामाची टक्केवारी सांगून नदी स्वच्छ होत नाही. खालच्या गावांना हवा आहे तो बाहेर पडणाऱ्या पाण्यातल्या स्फुरदाचा आकडा.

जलसंपदा विभाग आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने मार्च ते जून या काळात रांजणगाव सांडसच्या संगमापासून उजनीच्या भिंतीपर्यंत दर पंधरा दिवसांनी पाण्याचे नमुने घ्यावेत, मायक्रोसिस्टिन मोजावे आणि आकडे काठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. आकडा मर्यादेपलीकडे गेला तर त्याच दिवशी जनावरे पाण्यावर नेऊ नयेत, अशी दवंडी द्यावी.

– एक वाचक, केडगाव (ता. दौंड, जि. पुणे)