इंजिने किती आणि रूळ किती?

आगगाडीच्या छोट्या प्रतिकृतींचा नाद असलेले दोन गृहस्थ एकत्र आले की पहिला प्रश्न कोणता निघतो? 'तुमची गाडी कुठून कुठे जाते?' हा नव्हे. 'तुमच्याकडे इंजिने किती?' हा. एकाने चाळीस म्हणावे, दुसऱ्याने किंचित हसून एकशे दहा म्हणावे, आणि चाळीसवाल्याचे तोंड तेवढ्यापुरते उतरावे! दोन वर्षांनी या चाळिसांची नव्वद होतात. दरम्यान रूळ होते तेवढेच राहिलेले असतात. पुष्कळदा तेही पोत्यात बांधून माळ्यावर गेलेले असतात. आकड्याच्या या अहंकाराविरुद्ध मला चार शब्द लिहावयाचे आहेत. नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावण्याची आपली रीत आहेच. वाचकांनी हा लेख त्या सदरात घालावा आणि मग खुशाल फराळाकडे वळावे.

छंदाविरुद्ध माझी फिर्याद नाही. चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाने जाजमावर पालथे पडावे, एक डोळा मिटावा आणि बोटभर उंचीच्या इंजिनाची वाट पाहत राहावे, यात लाजण्यासारखे काय आहे? पत्ते कुटण्यापेक्षा आणि शेजाऱ्यांची उणीदुणी काढण्यापेक्षा हा उद्योग शतपटींनी बरा. त्यात सुतारकाम आहे, थोडी वीज आहे, थोडा भूगोल आहे, बरेचसे गणित आहे. शाळामास्तराला आणखी काय हवे? माझी फिर्याद आहे ती या छंदाचे जे गोदाम होऊन बसते त्याविरुद्ध. काचेच्या कपाटात, एकावर एक चार खणांत इंजिने उभी. जर्मन, स्विस, इंग्रज, अमेरिकन. एकही जागचे हललेले नाही. घरी आलेल्या मुलाने बोट पुढे केले की मालक ओरडतात, "हां, हां! काचेला हात नको!" मूल बिचारे विचारते, "काका, हे चालते का हो?" काका त्याला किंमत सांगतात.

ही गोदामाची बुद्धी आली कुठून, याचा शोध घेऊ गेल्यास तो आपल्याला जर्मनीतल्या ग्योपिंगन गावी नेतो. तेथे मेर्क्लिन नावाचे घराणे १८५९ पासून खेळणी बनवीत होते. बाहुलीघराच्या धंद्यात त्यांना एक गोष्ट कळून चुकली होती की बाहुलीघर एकदाच खपते. पण मागाहून त्याची खुर्ची, त्याचा पलंग, त्याची चूल दरवर्षी खपत राहते. तीच युक्ती त्यांनी आगगाडीला लावली. १८९१ साली लायप्झिगच्या व्यापारी जत्रेत त्यांनी ठराविक मापांच्या रुळांवर धावणारी खेळण्यातली आगगाडी मांडली. या नाताळात इंजिन आणि दोन डबे घ्या, पुढल्या नाताळात सांधे घ्या, त्यापुढे फलाट, त्यापुढे बोगदा! इंग्लंडात फ्रँक हॉर्नबी यांच्या चावीच्या गाड्या १९२० मध्ये निघाल्या त्या याच वाटेने. व्यापारी म्हणून या लोकांची अक्कल अचाट, आणि त्यांना दोष देण्याचे मला काही कारण दिसत नाही. कारण त्यांच्या योजनेत इंजिनाबरोबर रूळही वाढायचे होते. घोटाळा केला तो गिऱ्हाइकांनी. रूळ वाढवायचे तर घर मोठे लागते, सुतार लागतो, बायकोची परवानगी लागते. इंजिन वाढवायला नुसते पैसे लागतात.

आता थोडे गणित करू. आज जगात अधिकात अधिक चालणारे जे माप, त्याला 'एच्‌ओ' म्हणतात. त्यात खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा हिस्सा धरतात. युरोप-अमेरिकेतल्या नेहमीच्या रुळांमधले अंतर १,४३५ मिलिमीटर, म्हणून या मापाचा रूळ साडेसोळा मिलिमीटरांचा. आपले ब्रॉडगेज मात्र १,६७६ मिलिमीटरांचे. त्याला सत्त्याऐंशीने भागले तर सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. म्हणजे बाजारात तयार मिळणाऱ्या नेहमीच्या रुळावर आपली गाडी, ती कितीही हुबेहूब रंगवली तरी, कंबर आवळूनच चालणार! ज्यांच्या कपाटात शंभर-शंभर इंजिने आहेत त्यांपैकी कितीजणांनी सव्वाएकोणीस मिलिमीटरांचा एक हातभर रूळ स्वतः घातला आहे? लाकडाच्या पट्ट्या कापून स्लीपर केले, त्यावर मापाने रूळ बसवले, चाके त्या मापाची करून घेतली? असा एक मनुष्य मला दाखवा. त्याच्याकडे एकच इंजिन असले तरी मी त्याला दिवाळीची ओवाळणी पाठवीन.

वळणाची कथा याहून मौजेची आहे. आपल्या ब्रॉडगेज मार्गावर जास्तीत जास्त वळण दहा अंशांचे, म्हणजे त्याची त्रिज्या १७५ मीटर. त्याचा सत्त्याऐंशीवा हिस्सा दोन मीटर. याचा अर्थ असा की गाडीला नुसते वळून माघारी यावयाचे असेल तरी चार मीटर रुंदीची खोली हवी. मध्यमवर्गीयाची अख्खी बैठकीची खोली तेवढी भरते की नाही, शंका आहे. खोक्यातून येणारे वळण असते सुमारे ३६ सेंटिमीटर त्रिज्येचे. खऱ्या मापात हे एकतीस-बत्तीस मीटर झाले. एवढ्या जागेत बैलगाडी वळते. मेलगाडी वळवायला गेलात तर ती शेतात जाऊन पडेल.

आमच्या शिर्डीचेच उदाहरण घ्या. दौंड-मनमाड मार्ग १८७८ पासूनचा. पण शिर्डीला स्वतःचे स्थानक मिळाले ते २००९ साली. तोवर भाविक कोपरगावला उतरायचा आणि तेथून टांग्याने, पुढे मोटारीने यायचा. २००९ मध्ये पुणतांब्याहून फाटा आला, साधारण सतरा किलोमीटरांचा. तो एच्‌ओ मापात मांडायचा ठरवले तर दोनशे मीटरांच्या आसपास रूळ लागतील. आणि इंजिने? हा फाटा बांधला गेला तो एकेरी. एकेरी मार्गाचा कायदा असा की दोन स्थानकांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असावी; पहिली पोहोचल्याशिवाय दुसरीला सिग्नल मिळत नाही. तेव्हा एक गाडी वाटेत, एक-दोन शिर्डीच्या फलाटाला, एखादी पुणतांब्याला वाट पाहत. चार इंजिनांत सबंध फाटा चालतो! पाचवे इंजिन विकत घेण्यापूर्वी त्याने करायचे काय, हे सांगता आले पाहिजे. गंमत अशी की १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून शिर्डीला जी वंदे भारत गाडी येऊ लागली तिला वेगळे इंजिनच नाही. मोटारी डब्यांच्या खाली बसवलेल्या असतात. आमच्या आकडेबहाद्दरांच्या वहीत या गाडीची नोंद बहुधा शून्य अशी होईल.

पुणतांब्याचे नाव निघालेच आहे तर एक आठवण देतो. ते चांगदेवांच्या समाधीचे गाव. चांगदेव चौदाशे वर्षे जगले, चौदाशे शिष्यांचा मेळा घेऊन वाघावर बसून निघाले, अशी कथा आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितली आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले तर मायना सुचेना. कागद कोराच पाठवला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली की इतकी वर्षे जगून हा कोरा तो कोराच राहिला. चौदाशे या आकड्याचे त्या पोरीपुढे काही चालले नाही! पुणतांब्याच्या फलाटावर गाडी बदलण्यासाठी ताटकळताना आमच्या संग्राहक बंधूंनी या कथेवर थोडा विचार करावा.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्हांला मोठेपणाचाच राग आहे. मुळीच नाही. जर्मनीत हाम्बुर्ग येथे ब्राऊन या जुळ्या भावांनी २००१ साली जे 'मिनियातुर वुंडरलांड' उघडले, त्यात हजारावर गाड्या आहेत; परंतु पंधरा किलोमीटरांहून अधिक रूळही आहेत. गाडीमागे दहा मीटरांहून जास्त रूळ झाला. आता आपल्या कपाटवाल्यांनी आपापला भागाकार करून पाहावा. आणि हाम्बुर्गपर्यंत जायचे तरी कशाला? पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तेथेही संग्रह आहे, काचेची कपाटे आहेत. पण तेथला मुख्य देखावा म्हणजे चालणारे नगर. दिवे मंद होतात, नगरात रात्र पडते, सिग्नल पडतात, गाड्या स्थानकात शिरतात आणि तिकीट काढून आलेली पोरे कठड्याला नाके लावून उभी राहतात. तेथून बाहेर पडणारे मूल आकडा बोलत नाही. 'ती गाडी बोगद्यातून अशी आली, आणि दुसरी तिकडे थांबून राहिली,' असे हातवारे करून सांगते. त्या मुलाला सिग्नलचा अर्थ न शिकवता कळलेला असतो.

राजेरजवाड्यांकडेही पाहा. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांना काय कमी होते? मनात आणते तर त्यांनी विलायतेतली खेळण्यांची दुकानेच्या दुकाने उचलून आणली असती. जयविलास राजवाड्यातल्या भोजनगृहात प्रसिद्धी पावली ती चांदीची एकच गाडी. एक इंजिन आणि मागे शिंदे नावाची इंग्रजी अक्षरे एकेक धारण करणारे सात डबे. जेवणाच्या लांबलचक टेबलावरून ती पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार घेऊन फिरे. कोणी डब्यातली सुरई उचलली की गाडी थांबे, जागेवर ठेवली की चालू लागे. त्या गाडीने वाहिलेल्या मालाबद्दल माझ्यासारख्या मास्तराचे मत वेगळे असणार, हे उघड आहे. पण तिला काम होते, मार्ग होता, स्थानके होती. प्रत्येक पाहुणा हे एक स्थानक! महाराज माधवरावांचा रेल्वेचा षोक टेबलावरही थांबला नाही. ग्वाल्हेर संस्थानात त्यांनी दोन फुटी रुळांची खरी आगगाडी चालवली आणि तिने पुढे कित्येक पिढ्यांची माणसे वाहिली.

आता विरुद्ध पक्षाचे मुद्दे. पहिला, 'पैसा आमचा आहे.' कबूल. त्याला उत्तर नाही आणि त्याची गरजही नाही. ज्यांच्या घरात मुलीच्या क्लासची फी आणि नव्या इंजिनाचे बिल एकाच महिन्यात येते तेथे ते उत्तर घरातूनच मिळत असेल. दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. 'आम्ही जतन करतो. आम्ही डबाबंद ठेवले म्हणूनच वस्तू टिकल्या.' हे मात्र खरे नव्हे. यंत्र पडून राहिले की खराब होते. आतले वंगण वाळून चिकट होते, चाकांवर आणि वीज घेणाऱ्या पट्ट्यांवर काळा थर चढतो, आणि दहा वर्षांनी डबा उघडला तर इंजिन नुसते गुरगुरते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कित्येक गाड्यांचे जस्ताचे ओतीव भाग, धातूत शिशाची भेसळ राहिल्याने, कपाटात बसल्या बसल्या तडकून भुगा झाले आहेत. तेथे मुलाचा हात लागला नव्हता.

संख्येला अर्थ येतो तो कधी, हेही सांगतो. चित्तरंजनच्या कारखान्याने १९५० पासून १९७२ पर्यंत २,३५१ वाफेची इंजिने बांधली. हा आकडा उच्चारताना ऊर भरून येतो, कारण त्यांतल्या प्रत्येकाला नंबर होता, घरची शेड होती, ड्रायव्हर होता, आणि ओढायला वाघिणींची रांग होती. घरच्या संग्रहातही असे घडू शकते. एखाद्याने ठरवावे की मी एकाच मार्गाची, १८७८ पासून आजवरची, गाडी पिढी पिढीने मांडीन: आधी वाफ, मग डिझेल, मग वीज. त्याला वीस इंजिने लागतील, लागोत. त्यातल्या प्रत्येकापाशी थांबून तो पोराला काहीतरी वेगळे सांगू शकेल. पण परदेशी कंपन्यांच्या याद्यांत आपल्या इंजिनांना जवळजवळ जागा नाही, म्हणून असा संग्रह विकत घेता येत नाही; बराचसा करावा लागतो. आणि करणे म्हटले की आमचे शतकवीर घड्याळाकडे पाहू लागतात.

महाराष्ट्रातल्या पोरांना हे कुणी शिकवावे लागत नाही, याचा पुरावा आज तुमच्या अंगणात उभा असेल. दिवाळीचा किल्ला! चार विटा, एक फाटके गोणपाट, दोन घमेली माती, त्यावर पेरलेले हळीव, आणि वर सिंहासनावर महाराज. कोणी पाहायला आले की विचारतात, 'किल्ला कोणता रे हा? दरवाजा कुठे? टाके कुठे? चोरवाट ठेवलीस का?' 'मावळे किती?' असे विचारणारा पाहुणा मी अजून पाहिलेला नाही. ज्याच्याकडे पाच मावळे आहेत तो ते पाचही मोक्याच्या जागी उभे करतो; एक दरवाजात, एक बुरुजावर, एकाला तोफेपाशी. पोरगा मावळ्याला काम लावतो. त्याचा बाप मात्र वरच्या मजल्यावर शंभर इंजिने बेकार बसवून ठेवतो.

म्हणून अशा सर्व गृहस्थांना या दिवाळीपुरती एक विनंती. कपाटातून एक इंजिन खाली काढा. सगळ्यांत महाग नको, सगळ्यांत दणकट काढा. चाके पुसा, वाळलेले वंगण खरवडून काढा, नवे तेल एक थेंब सोडा, आणि चार वाघिणींसह ते पोरांच्या हवाली करा. रूळ आमची पोरे घालतील. किल्ल्याच्या पायथ्याने, टाक्याला वळसा घालून, दोन मीटर त्रिज्येचे वळण घेण्याइतकी जागा आमच्या शाळेच्या पटांगणात आहे.