शिक्कामोर्तब कोणाचे? उरणच्या बंदरापासून गिटच्या शाखेपर्यंत
#थ्रेड

१/ २७ जून २०१७. ‘नॉटपेट्या’ नावाच्या मालवेअरने जगभरातील संगणक निकामी केले. त्याची झळ उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथेही पोहोचली. जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे काम कोलमडले. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाशी संलग्न होते आणि मर्स्कची संगणकव्यवस्थाच कोसळली होती.

२/ या संकटाचे मूळ होते युक्रेनमध्ये. करविषयक हिशेबासाठी तेथे ‘एम.ई.डॉक’ हे सॉफ्टवेअर सर्रास वापरले जाई. हल्लेखोरांनी त्याच्या अधिकृत अपडेटमध्येच चोरवाट पेरली. सोर्स कोड हाती असल्याखेरीज हे घडणे कठीण, असा निष्कर्ष ‘ईसेट’च्या संशोधकांनी काढला. दरवाजा फोडावा लागलाच नाही. विश्वासाने उघडलेल्या दारातूनच शत्रू आत आला.

३/ किंमत? मर्स्कने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर्स सांगितले. ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणकांवर सारे नव्याने बसवावे लागले. म्हणजे ‘सॉफ्टवेअर प्रकाशित कोण करतो?’ हा प्रश्न केवळ प्रोग्रामरांचा नाही. तो कंटेनर वाहणाऱ्या ट्रकचालकाचाही आहे.

४/ आज बहुतेक सोर्स कोड ‘गिट’मध्ये ठेवला जातो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ते घडवले. त्यात कामाच्या निरनिराळ्या शाखा असतात. एखादा बदल मुख्य शाखेत विलीन झाला, की अनेक ठिकाणी यंत्र स्वतःच पॅकेज बांधते, चाचण्या घेते आणि ते जगापुढे ठेवते. मधे माणसाचा हात नाही. अनेकांना याचीच धास्ती वाटते.

५/ ती धास्ती अर्धीच खरी आहे. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. ती कार्यान्वित करणारा महत्त्वाचा तुकडा गिटमधील कोडमध्ये नव्हताच. तो होता प्रकाशनासाठी वेगळ्या बांधलेल्या संचात. लोकांनी तपासले एक आणि जगाच्या हाती पडले दुसरेच. प्रकाशन थेट शाखेतून यंत्राने झाले असते, तर ही तफावत लपवणे फार अवघड गेले असते.

६/ हा पेच मराठी दफ्तराला अपरिचित नव्हता. शिवकालीन राजपत्राचा मसुदा एकाने लिहावा, सुरनीसाने तो तपासावा, माथ्यावर मुद्रा आणि अखेरीस मोर्तब उमटावे, अशी रीत होती. मोर्तब म्हणजे मर्यादा: येथे मजकूर संपला, यापुढे कोणी अक्षर वाढवू नये. लांब पत्रात कागद एकाला एक चिकटवत आणि त्या सांध्यांवरही शिक्का उमटवत, जेणेकरून मधला कागद बदलता येऊ नये.

७/ येथे खरी मेख आहे. खोटेपणा शिरतो तो बहुधा सांध्यात. तपासलेली शाखा आणि प्रकाशित पॅकेज यांमधला सांधा हाताने जोडला, तर तो कोणी केव्हा बदलला याचा माग राहत नाही. यंत्राने जोडला, तर प्रत्येक पायरीची नोंद राहते. या अर्थाने स्वयंचलित प्रकाशन म्हणजे सांध्यावरचा शिक्काच होय.

८/ मात्र शिक्का चोरीस गेला, तर खोटे पत्रही खरे ठरते. प्रकाशनाची गुप्त किल्ली वर्षानुवर्षे तीच ठेवणे म्हणजे राजमुद्रा चावडीवर ठेवून झोपणे. म्हणूनच ‘पायपीआय’ या पायथॉन पॅकेजांच्या भांडाराने एप्रिल २०२३ मध्ये नवी पद्धत आणली: कायमची किल्ली नकोच, प्रत्येक प्रकाशनापुरती, अल्पायुषी परवानगी घ्यावी.

९/ यंत्राला कारकुनी द्यावी. तो ती माणसाहून चोख करतो. सुरनीसी मात्र देऊ नये. मुख्य शाखेत काय जावे, हे लेखकाखेरीज दुसऱ्या जाणत्या माणसाने वाचून ठरवावे. वेगाच्या नावाखाली ही पायरी गाळणारा वेळ वाचवत नाही. तो आपले संकट दूरच्या एखाद्या बंदरावर ढकलतो. ते बंदर उरणचेही असू शकते, हे २०१७ ने दाखवून दिले आहे.